बांधलेला ब्रीदर: सोलापुरातल्या एका टॉवेल कारखान्याच्या जनरेटरचं प्रकरण

पार्श्वभूमी

सोलापूरच्या अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीतला हा टेरी टॉवेलचा कारखाना. फार मोठा नाही, पण माल परदेशी जाणारा. कारखाना आणि माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून नावं दिलेली नाहीत आणि काही तपशील बदलले आहेत.

वीज गेली की यंत्रमाग बंद पडू नयेत म्हणून शेडला लागून एका खोलीत १२५ केव्हीएचा डिझेल जनरेटर आहे. सहा सिलिंडर, टर्बो (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा), मिनिटाला १५०० फेरे. प्रकरण घडलं तेव्हा इंजिन सुमारे ९,००० तास चाललेलं होतं. तेल वेळेवर बदललेलं, फिल्टर चांगल्या दर्जाचे. देखभालीत हयगय झाली असं कुणी म्हणू शकलं नसतं.

दोन गोष्टी मात्र या जागेच्या म्हणून लक्षात घ्यायला हव्यात. टॉवेलच्या कारखान्यात हवेत सतत रुई तरंगत असते. ती रेडिएटरच्या जाळीत बसते, एअर फिल्टरवर थर धरते, आणि जिथे तेलाचा ओलावा असेल तिथे चिकटून घट्ट होते. दुसरं म्हणजे शेडमधले एक्झॉस्ट पंखे जनरेटरच्या खोलीतली हवाही झरोक्यातून आत ओढत होते. खोलीत जे उडेल ते थोड्या वेळानं मागांवर येणार, अशी ती रचना होती.

ब्रीदरचं काम

पुढचं समजण्यासाठी एवढं इथेच सांगतो. इंजिनात जाळ होतो तेव्हा पिस्टनच्या डोक्यावर शंभर बारच्या पुढे दाब जातो. पिस्टनभोवतीच्या रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी त्यांच्या तोंडाच्या फटीतून आणि कडेनं थोडा वायू खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँक फिरतो आणि तेल साठतं त्या इंजिनाच्या पोटात, उतरतोच. हाच ब्लो-बाय. नव्या इंजिनातही तो असतो. आत घेतलेल्या हवेच्या साधारण एक टक्का धरला, तर या आकाराच्या इंजिनात भरल्या लोडवर मिनिटाला सत्तर-ऐंशी लिटर वायू खाली येतो. तो सतत बाहेर पडत राहिला पाहिजे, आणि त्याला बाहेर काढणारी वाट म्हणजे ब्रीदर.

या वायूसोबत न जळलेलं डिझेल, काजळी, आम्लं आणि पाण्याची वाफ येते. एक लिटर डिझेल जळलं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं. ते बहुतेक सायलेन्सरमधून जातं, पण थोडं खालीही उतरतं. क्रँकच्या फिरण्यानं उडालेल्या तेलाचं धुकं त्यात मिसळतं. म्हणून ब्रीदरच्या तोंडातून निळसर, तेलकट वाफ येते, आणि ती जिथे पडेल तिथे डाग पडतो.

क्रँककेसमधला दाब दोन गोष्टींनी ठरतो: खाली वायू किती येतो, आणि त्याला बाहेर पडायला किती अडथळा होतो. दाब वाढलेला दिसला की आपल्याकडे गॅरेजमध्ये नजर लगेच पहिल्या गोष्टीवर जाते. "इंजिन बॅक मारतंय", म्हणजे रिंगा गेल्या. दुसऱ्या शक्यतेकडे फार कमी लोक बघतात, आणि हे सविस्तर लिहिण्याचं कारण तेच आहे.

अडचण

पावसाळा संपताना फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनाच्या मागच्या टोकावरच्या जड चाकाच्या, बाजूनं तेल गळायला लागलं. मिस्त्रीनं मागचं ऑइल सील, म्हणजे फिरत्या शाफ्टभोवती तेल अडवणारी कडी, बदललं. जनरेटरच्या इंजिनाला मागे वीज तयार करणारा अल्टरनेटर जोडलेला असतो, त्यामुळे हे काम किरकोळ नसतं. अल्टरनेटर मागे सरकवावा लागतो, फ्लायव्हील काढावं लागतं. तीन आठवड्यांत गळती पुन्हा सुरू झाली. सील निकृष्ट असेल म्हणून दुसरं, कंपनीचं सील बसवलं. तेही टिकलं नाही.

तोवर आणखी लक्षणं दिसू लागली. डिपस्टिकच्या (तेलाची पातळी बघायच्या पट्टीच्या) नळीच्या तोंडाशी तेल येत होतं. इंजिनाच्या डोक्यावरच्या टॅपेट कव्हरच्या पॅकिंगला ओल सुटली होती. लोडवर सायलेन्सरमधून निळसर धूर यायचा. दहा तास चालवलं की लिटरभर तेल टाकावं लागत होतं. मिस्त्रीनं चालू इंजिनावर तेल भरायचं झाकण सैल करून पाहिलं, तर झाकण जागेवर नाचायला लागलं आणि खालून धुराचा फवारा आला.

एवढं पाहिल्यावर कुठलाही अनुभवी मिस्त्री जे म्हणेल तेच त्यानं म्हटलं: रिंगा आणि लायनर (सिलिंडरची आतली नळी) गेले, इंजिन बांधावं लागेल, म्हणजे पूर्ण उघडून झिजलेले भाग बदलावे लागतील. अंदाज २.५ लाखांच्या पुढचा होता, आणि काम चालेपर्यंत भाड्याचा जनरेटर वेगळा. हा मिस्त्री प्रामाणिक आहे, वीस वर्षांहून जास्त काळ हेच काम करतो. त्याचा निष्कर्ष लक्षणांवरून सरळ निघत होता. मालकांनी त्याच्यावर अविश्वास दाखवला नाही, फक्त खर्च मोठा म्हणून दुसरं मत घ्यायचं ठरवलं, आणि त्या निमित्तानं मी तिथे गेलो.

पहिला निर्णय: उघडायचं की मोजायचं

समोर तीन वाटा होत्या. मिस्त्रीचं ऐकून इंजिन उतरवायचं. किंवा इंजेक्टर काढून एकेका सिलिंडरचं कॉम्प्रेशन तपासायचं, त्यात एक दिवस जाणार. किंवा आधी क्रँककेसचा दाब मोजायचा, ज्याला जवळपास खर्च नव्हता.

मला खटकत होती ती लक्षणांची घाई. रिंगा झिजतात त्या हळूहळू. तेलाचा खप महिनोन्महिने थोडाथोडा वाढत जातो, थंड इंजिन उशिरा उचलतं, ताकद कमी होते. इथे मागच्या वर्षीच्या वहीत तेल टाकल्याच्या नोंदी जवळजवळ नव्हत्या, इंजिन अर्ध्या फेऱ्यात चालू होत होतं आणि लोड निमूट उचलत होतं. एखादी रिंग तुटली तर अचानक बिघाड होतो हे खरं, पण मग आवाज बदलतो आणि इंजिन एकसारखं चालत नाही. इथे तसं काही नव्हतं.

म्हणून मोजण्याआधी ब्रीदरची नळी कुठे जाते ते पाहिलं. मूळ नळी इंजिनाच्या बुडाशी जमिनीकडे तोंड करून संपायची. रेडिएटरच्या पंख्यानं तिथलं धुकं खोलीभर उडायचं, म्हणून कधीतरी कुणीतरी तिला रबरी पाइप जोडून मागच्या कोपऱ्यात, झरोक्याखाली नेलं होतं. त्या पाइपच्या टोकाला टॉवेलचा तुकडा दुहेरी गुंडाळून तारेनं आवळलेला होता. कापड कधीकाळी पांढरं असावं. आता ते तेलानं काळं झालेलं, त्यावर रुईचा बोटभर थर, आणि हाताला नमद्यासारखं घट्ट लागत होतं.

जनरेटर बघणाऱ्या ऑपरेटरमामांना विचारलं, हे कधीपासून आहे. ते म्हणाले, "पावसाळ्याच्या आधीपासनं ओ साहेब. तेलाचा धूर मालावर जात होता की. पांढऱ्या टॉवेलवर डाग पडला की आमच्याच नावानं ओरडतात."

त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही. माल परत येतो हा त्यांच्यासमोरचा खरा प्रश्न होता, आणि त्यावर त्यांनी हाताशी होतं त्यातून उपाय केला होता. ती नळी कशासाठी आहे हे त्यांना कुणीच सांगितलेलं नव्हतं. कुकरच्या शिट्टीत डाळ अडकली तर काय होईल, एवढंच मी म्हणालो. पुढचं त्यांनीच मिस्त्रीला समजावून सांगितलं.

मोजणी

कापड लगेच सोडण्याचा मोह सगळ्यांना झाला. मी थांबवलं. आधीचा आकडा हातात नसेल तर कापडामुळे किती फरक पडला हे कधीच कळलं नसतं, आणि २.५ लाखांचा निर्णय पुन्हा अंदाजावर आला असता.

दाब मोजायला महाग उपकरण लागत नाही. गवंडी लेव्हल काढायला वापरतात ती पारदर्शक नळी घेतली, फळीवर इंग्रजी यू सारखी बसवली, शाई घातलेलं पाणी अर्ध्यापर्यंत भरलं आणि शेजारी मोजपट्टी ठोकली. एक टोक इंजिनाला, दुसरं उघडं. दोन्हीकडच्या पाण्याच्या पातळीतला फरक म्हणजे दाब. १०० मिलिमीटर पाणी म्हणजे साधारण १ किलोपास्कल. इंजिनाकडचं टोक जोडण्यासाठी तेल भरायच्या जुन्या झाकणाला भोक पाडून निपल बसवला. पुष्कळ जण डिपस्टिकच्या नळीला जोडतात. पण काही इंजिनांत त्या नळीचं खालचं टोक तेलात बुडालेलं असतं, आणि मग आकडा भलताच येतो.

माग टप्प्याटप्प्यानं चालू करून लोड वाढवला. कापड बांधलेलं असताना बिनलोडवर १८० मिलिमीटर, अर्ध्या लोडवर ३९०, पाऊण लोडवर ६२०. पूर्ण लोड दिलाच नाही. फ्लायव्हीलखाली तेलाचे थेंब डोळ्यादेखत पडत होते. मग रबरी पाइप मुळापासून काढला आणि तेच पुन्हा केलं: १५, २५, ४०. पाणी खाली आलेलं पाहून मिस्त्रीनं स्वतः पट्टीवर बोट ठेवून आकडा दोनदा वाचला.

एवढ्यावर इंजिन चांगलं आहे असं म्हणणं घाईचं ठरलं असतं. अडथळा काढल्यावर दाब कमी होणारच. वायू किती येतो ते त्यातून कळत नाही. त्यासाठी ब्रीदरच्या तोंडाला ठरावीक मापाचं भोक असलेली चकती लावतात आणि तिच्या मागे किती दाब साचतो ते पाहतात. भोक ठरलेलं असल्यानं दाबावरून वायूचं प्रमाण निघतं, आणि इंजिनाच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये त्याची मर्यादा दिलेली असते. आमचा आकडा मर्यादेच्या साधारण दोन तृतीयांश आला. नऊ हजार तासांच्या इंजिनाला साजेसा. हाच आकडा मर्यादेपलीकडे गेला असता तरी मी लगेच रिंगांवर ठपका ठेवला नसता. टर्बोच्या शाफ्टचं सील गेलं तरी दाबाची हवा तेलाच्या परतीच्या नळीतून क्रँककेसमध्ये येते आणि ब्लो-बायच्या हिशेबात मिळते. ट्रकच्या इंजिनात ब्रेकचा एअर कॉम्प्रेसरही हेच करतो.

मग निळा धूर आणि तेलाचा खप कुठून आला? टर्बोला तेल दाबानं मिळतं, पण तिथून ते परत जातं ते केवळ स्वतःच्या वजनानं, एका जाड नळीतून खाली. खालीच दाब साचला की तेल उतरत नाही, टर्बोच्या पोटात तुंबतं आणि सीलवरून हवेच्या बाजूला जातं. टर्बोतून येणारी गरम हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरची खालची नळी काढली तर तिच्यात तेलाचं थारोळं होतं. तेच तेल इंजिन जाळत होतं. म्हणजे ज्या लक्षणांवरून रिंगा गेल्या असं ठरलं होतं, ती सगळी एका कापडानं तयार केली होती. झाकण नाचण्याचंही तेच: नेहमीची वाट बंद असेल तर सगळा वायू झाकणाखालूनच बाहेर येणार. ब्रीदर मोकळा आहे याची खात्री नसेल, तर ही झाकणाची परीक्षा काहीच सिद्ध करत नाही.

दुसरा निर्णय: वाफ न्यायची कुठे

मालकांच्या दृष्टीनं विषय इथे संपला होता. कापड सोडलं, दाब उतरला, आता ऑपरेटरला ताकीद द्यायची. मी याला ठाम विरोध केला. वाफ पुन्हा मालावर गेली असती, पुन्हा कुणीतरी बोललं असतं, आणि पुढच्या पाळीतल्या माणसानं पुन्हा काहीतरी बांधलं असतं. शिवाय तेलानं भिजलेलं, रुईनं भरलेलं कापड गरम सायलेन्सरपासून हातभर अंतरावर होतं. कापसाच्या कारखान्यात ही गोष्ट इंजिनापेक्षा मोठी आहे.

एक सुचवणी आली की नळी सरळ एअर फिल्टरच्या पुढे जोडून द्यावी, म्हणजे इंजिन आपली वाफ आपणच जाळेल. कल्पना नवी नाही. कॅलिफोर्नियात १९६१ च्या मॉडेलपासून नव्या पेट्रोल गाड्यांना हेच करणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह सक्तीचा झाला, आणि आज रस्त्यावरच्या बहुतेक नव्या गाड्यांचं क्रँककेस बंदच असतं. पण कंपनीनं आखून दिलेली बंद रचना वेगळी आणि आपण पाइप जोडून केलेली वेगळी. टर्बो डिझेलमध्ये ही वाफ टर्बोच्या आधी सोडावी लागते. तिच्यातलं तेल नीट वेगळं केलेलं नसेल तर ते टर्बोच्या पात्यांवर आणि इंटरकूलरमध्ये बसतं. या खोलीत एअर फिल्टर रुईनं लवकर तुंबतो. तुंबला की त्याच्या पुढची ओढ वाढते, आणि ती ओढ थेट क्रँककेसला लागली असती. मग सीलमधून धूळ आत. ही ओढ आवरायला रबरी पडद्याचा रेग्युलेटर बसवतात, पण पडदा फाटला तर इंजिन आपलंच तेल ओढून पळत सुटतं. अशा वेळी डिझेल बंद करून ते थांबत नाही, हवा तोडावी लागते, आणि या जनरेटरला हवा तोडणारी झडपच नव्हती. हा पर्याय आम्ही सोडला. माझं मत विचाराल तर जुन्या जनरेटरवर हा जुगाड कुणी करूच नये.

दुसरी सुचवणी होती लांब पाइपानं वाफ छपरावर सोडण्याची. पाइप लांब झाला की वाफ वाटेत थंड होते, पाणी आणि तेल जमतं, आणि पाइपला कुठे झोळ पडला असेल तर तिथे साचून बूच बसतं. त्यापेक्षा आखूड आणि उताराचा पाइप बरा.

शेवटी ठरलं ते असं: ब्रीदरनंतर तेल वेगळं करणारा सेपरेटर बसवायचा, आणि उरलेली वाफ मागांच्या विरुद्ध बाजूच्या भिंतीतून बाहेर सोडायची.

प्रत्यक्ष काम

सेपरेटर इंजिनापेक्षा उंचीवर, भिंतीला टांगला. इंजिनावर बसवला असता तर थरथरीनं त्याचा कंस तुटला असता. वायूच्या प्रमाणापेक्षा एक माप मोठा घेतला. त्याला स्वतःची सुटका झडप आहे, म्हणजे आतलं एलिमेंट (तेल अडवणारं गाळण) तुंबलं तरी दाब साचत नाही. बाहेरचा पाइप भिंतीकडे उतरता ठेवला, टोक तिरकं कापून खाली वळवलं. टोकाला बारीक जाळी लावायचा आग्रह झाला, मी मोठ्या भोकांच्या जाळीवर थांबलो. बारीक जाळी म्हणजे कापडाचाच दुसरा अवतार. पण अगदी उघडं टोक ठेवलं तर कुंभारमाशी त्यात मातीचं घर करते, हेही मी पाहिलेलं आहे. गोळा झालेलं तेल डब्यात जातं आणि जुन्या तेलाबरोबर दिलं जातं. त्यात पाणी आणि आम्लं असतात, म्हणून ते परत इंजिनात ओतायचं नाही असं डब्यावरच रंगवून ठेवलं.

एकूण खर्च ३५,००० रुपयांच्या आत बसला. झरोका पत्र्यानं बंद केला आणि खोलीला हवा बाहेरच्या बाजूनं घेतली, हे काम मामांनीच सुचवलं.

निष्पत्ती

नव्या रचनेत पाऊण लोडवर ५५ मिलिमीटर आकडा आला. इंटरकूलर आणि नळ्या धुऊन घेतल्यावरही काही दिवस थोडा निळा धूर येत राहिला, सायलेन्सरमधलं तेल जळेपर्यंत. मग तो थांबला. तेलाचा खप जुन्या पातळीवर गेला.

मागचं सील मात्र पूर्ण सावरलं नाही. दाब उतरल्यावर धार थांबली, पण ओल राहिली, कारण त्याची कड एकदा उलटून गेली होती. ते लगेच बदलायचं की नाही यावर चर्चा झाली. ऑर्डर भरात होत्या, म्हणून रोज पातळी बघत थांबायचं ठरलं आणि जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेच्या सुट्टीत सील बदललं. त्यानंतर ते कोरडं आहे.

इंजिन बांधायचं काम रद्द झालेलं नाही, पुढे गेलं आहे. नऊ हजार तास हे वय आहे, आणि ते कधीतरी करावंच लागेल.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्यांदा सील गेलं तेव्हा ते बदलणं ठीकच होतं. बदललेलं सील तीन आठवड्यांत गेलं, तिथे थांबायला हवं होतं. नवं सील इतक्या लवकर जातं तेव्हा सीलची गुणवत्ता, शाफ्टवर पडलेली खाच आणि आतला दाब, हे तिन्ही प्रश्न फ्लायव्हील काढलेलं असतानाच विचारायचे असतात. पाण्याची नळी तेव्हा लावली असती तर एक सील आणि एका दिवसाची मजुरी वाचली असती.

ऑपरेटरला कुणी विचारलं नाही, ही मला यातली सर्वांत मोठी त्रुटी वाटते. जनरेटरजवळ सर्वांत जास्त वेळ तोच असतो. मिस्त्री आला की तो बाजूला उभा राहायचा, आणि "अलीकडे इथे काही बदललंय का" हा प्रश्न त्याच्यापर्यंत पोचलाच नाही. मालावर डाग पडतायत ही तक्रार उत्पादन विभागाच्या बैठकीत झाली होती, तेल गळतंय ही देखभाल विभागाच्या. दोन्ही तक्रारींचं मूळ एकच पाइप आहे हे त्यामुळे कुणाला दिसलं नाही.

तेलाचा नमुना तपासायला पाठवला नाही, तोही पाठवायला हवा होता. काजळी, डिझेल आणि पाणी किती उतरलंय ते कळलं असतं, आणि रिंगांबद्दलचा निर्णय आणखी भक्कम झाला असता.

आता दर २५० तासांना तेल बदलताना पाऊण लोडवरचा दाब वहीत लिहिला जातो. पुढच्या पावसाळ्यात एकदा तो ९० वर गेला. त्या महिन्यात वीज थोडा थोडा वेळ जात होती, जनरेटर हलक्या लोडवर आणि अर्धा गार असताना चालत होता, आणि वाफेतलं पाणी सेपरेटरच्या एलिमेंटमध्ये तेलाशी मिसळून मलईसारखं बसलं होतं. एलिमेंट बदललं, आकडा ५० वर आला. ते तासांवर बदलायचं की आकड्यावर, यावर मिस्त्रीचं आणि माझं अजून एकमत नाही. मी आकड्याच्या बाजूचा आहे. त्याचं म्हणणं, आकडा बघायला माणूस विसरतो, तास मीटरवर दिसतात. सध्या दोन्हींपैकी जे आधी येईल त्यावर बदलतात.